२६ जानेवारीला मुलांना घेऊन गावात काम करायचं, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या एका कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकारी म्हणून एका मॅडमची नुकतीच नेमणूक झाली आहे. शंभर स्वयंसेवकांचं युनिट आहे. गेल्या प्रजासत्ताक दिनी दत्तक गावात स्वच्छता अभियान झालं. बॅनर लागला, खराटे वाटले, फोटो निघाले, वडापाव झाला आणि अकराच्या सुमाराला सगळे घरी गेले. यंदा खरं काम व्हावं अशी त्यांची इच्छा आहे. पण सुट्टीला मुलं येत नाहीत, प्राचार्यांना ‘दिसेल असं काहीतरी’ हवं आहे आणि हाताशी पैसा नाही. हे सगळं कसं आखावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मॅडम, २६ जानेवारी हा काम पुरं करण्याचा दिवस धरा. काम सुरू करायचं ते डिसेंबरात. एका सकाळी शंभर मुलं गावात उतरवली की जे होतं ती बहुतेक वेळा झाडलोटच असते, आणि झाडलेला रस्ता दोन दिवसांत पुन्हा होता तसा होतो. मी राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बरीच वर्षं केलं आहे आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्या कामाला गावात धनी आहे तेच काम हाती घ्यावं. धनी म्हणजे ज्याने ते काम मागितलं आणि २७ तारखेपासून जो ते सांभाळणार आहे, असा माणूस. असा माणूस नसेल तर काम कितीही चांगलं दिसत असो, सोडून द्यावं.

हा माणूस घरबसल्या सापडत नाही, त्यासाठी पाहणी लागते. डिसेंबरातले दोन-तीन रविवार त्यासाठी काढा. पाच-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटात मुली असाव्यात, कारण घरातल्या बायका मुलींशी मोकळेपणाने बोलतात. मुलांच्या हातात छापील फॉर्म देऊ नका. फॉर्म दिसला की लोकांना वाटतं घरकुलाची यादी आली, आणि मग ते त्या हिशेबाने उत्तरं देतात. साधी वही पुरते. विचारायचे प्रश्न तीनच. रोज कशाचा त्रास होतो? तो दूर करायला तुम्ही स्वतः काय करून पाहिलं? आणि आम्ही हात लावला तर पुढे ते कोण बघेल? तिसऱ्या प्रश्नाला जिथे लगेच नाव निघतं, तिथे आपलं काम आहे असं समजा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना भेटायचं असतंच, पण तेवढ्यावर थांबू नका. अंगणवाडी सेविका, आशाताई, शाळेचे मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा कर्मचारी, या चौघांना गावाची खडान्‌खडा माहिती असते. पाणी सोडणाऱ्याला तर कुठली तोटी गळते आणि कुणाच्या दारात डबकं साचतं हे न बघता सांगता येतं.

एका गावात असंच झालं. मुलांच्या मनात शाळेच्या भिंतीवर घोषवाक्यं रंगवायची होती. रंगाचा अंदाजही काढून झाला होता. पाहणीच्या दिवशी दोन मुली अंगणवाडीत गेल्या, तर दाराशी एकामागे एक विटा मांडलेल्या. सेविकाताईंना विचारलं, तेव्हा त्यांनी नळाकडे बोट दाखवलं. पोरांच्या हात धुण्याचं आणि खिचडीची भांडी घासण्याचं पाणी थेट दारापुढे येत होतं. चिखलात पोरं घसरायची म्हणून ताईंनी स्वतःच विटा टाकल्या होत्या. संध्याकाळी तिथे डास घोंगावायचे. “चर खणून पाणी लांब काढून बघितलं, पण पलीकडच्यांच्या अंगणात जातं म्हणून भांडण झालं,” असं त्या म्हणाल्या. आता या तीन प्रश्नांची उत्तरं बघा. त्रास रोजचा आहे, ताईंनी त्यावर दोनदा प्रयत्न केलेला आहे आणि पुढे बघायला त्या स्वतः तिथे रोज असणार आहेत. मुलींनी कॉलेजात येऊन हे सांगितल्यावर भिंतीचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, करायचं ठरलं.

तुमच्या दत्तक गावातही हेच निघेल असं नाही. पण सांडपाण्याचा प्रश्न नाही असं गाव क्वचितच सापडतं, आणि शोषखड्डा हे जानेवारीत, कमी पैशात, विद्यार्थ्यांच्या हातून नीट होणारं काम आहे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे करून डास हटवले आणि पुढे त्या खड्ड्यांचं नाव राज्यभर झालं. म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

खड्डा साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल. तळाला मोठ्या दगडांचा फूटभर थर. त्यावर मधोमध सिमेंटची किंवा प्लास्टिकची टाकी ठेवायची. टाकीला वरच्या अर्ध्या भागात चारी बाजूंनी भोकं पाडलेली असतात. पाणी टाकीत येतं, गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी भोकांतून बाहेरच्या दगडांत जाऊन जमिनीत मुरतं. टाकीभोवती खाली मोठे आणि वर लहान दगड भरायचे, त्यावर जुनी गोणपाटं किंवा प्लास्टिक अंथरून माती लोटायची. टाकीचं झाकण मात्र जमिनीच्या बरोबरीने उघडं राहिलं पाहिजे, नाहीतर गाळ काढणार कसा? नळाकडून पाणी येतं तिथे जाळी लावायची.

जागा निवडणं खोदण्यापेक्षा महत्त्वाचं. विहीर किंवा बोअर पन्नास फुटांच्या आत असेल तर तिथे खड्डा घेऊ नका. भिंतीच्या पायाला लागूनही नको. खाली पाण्याची पाइपलाइन किंवा विजेची केबल नाही ना, हे पाणी सोडणाऱ्याला आणि महावितरणच्या लाइनमनला जागेवर आणून विचारा. जमीन काळी असेल तर पाणी मुरत नाही, मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. परीक्षा सोपी आहे. खड्डा खणून झाला की संध्याकाळी त्यात पाणी भरायचं आणि सकाळी बघायचं. पाणी तसंच असेल तर अजून खोल जा. मुरूम लागतच नसेल तर ती जागा सोडा आणि तेच पाणी केळी-अळूच्या वाफ्याला द्या. परसबाग झाली तर अंगणवाडीला तीही हवीच असते.

रात्रभर उघडा राहणारा खड्डा लहान मुलांच्या जागेजवळ असेल तर त्यावर फळ्या टाकून, भोवती काट्या रोवून, घरमालकाला किंवा सेविकाताईंना दाखवूनच गाव सोडा. चार फूट खोल, पाणी भरलेला खड्डा तीन वर्षांच्या पोराच्या जिवावर बेतू शकतो. इथे मी कुणाचीही सबब ऐकत नाही.

दगड कुठून आणायचे हेही आधी ठरवा. शेताच्या बांधाचे दगड उचलले की शेतकरी चिडतो आणि त्याचं चिडणं रास्त असतं. पडक्या घराचे दगड, विटांचे तुकडे, फुटकी कौलं मालकाला विचारून घ्या. दगडांच्या ढिगात विंचू असतात. कोकणात आणि कोरडवाहू भागात तर हमखास. हातांनी दगड उपसू नका, आधी पहारीने हलवा. पायात चप्पल नको, बूट हवा. विंचू चावलाच तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी या विषावरचे उपचार रुळवले आणि त्यामुळे कितीतरी जीव वाचले, पण ते उपचार वेळेत मिळावे लागतात. रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबर प्रत्येक गटप्रमुखाच्या फोनवर असू द्या.

आता माणसांचा हिशेब. एका खड्ड्यावर आठ जणांपेक्षा जास्त मुलं लावू नका. दोघं कुदळ-फावडं चालवतील, दोघं घमेली उचलतील, चौघं दगड निवडतील, आणि पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलेल. शंभरच्या पटावर साठ मुलं आली असं धरा. मग सहा खड्ड्यांवर मिळून अठ्ठेचाळीस जण लागतात, बाकीचे पाणी, प्रथमोपचार, हत्यारांची मोजदाद आणि नोंदी सांभाळतात. हत्यारं ग्रामपंचायत आणि शेतकरी देतात, फक्त मागायला पंधरा दिवस आधी जा आणि प्रत्येक कुदळीवर मालकाचं नाव चिकटवा. खणणं २४ आणि २५ तारखेला करा. २६ ला ध्वजारोहण झालं की टाकी बसवणं, दगड भरणं आणि नळ सोडणं एवढंच राहू द्या. प्राचार्यांना दिसेल असं हवं होतं ना? नळ सोडल्यावर दारापुढे पाणी येत नाही, हे सगळ्या गावाला दिसतं.

मुलं येत नाहीत याबद्दल. काही मुलं आळसाने येत नाहीत, हे खरं. पण सुट्टीचा दिवस हा पुष्कळ मुलांचा मजुरीचा दिवस असतो. जानेवारीत शेतात काम असतं, कुणी मेडिकलच्या दुकानात बसतो, कुणी मंडपवाल्याकडे जातो. अशा मुलांना ‘गैरहजर’ लिहून तास कापू नका. वर्षाला १२० तास आणि दोन वर्षांत २४० तास हा नियम आहे, ते तास पाहणीतून, हिशेबातून, नकाशा काढण्यातून भरता येतात. मी पाहिलेले सगळ्यात चोख हिशेब दुकानात काम करणाऱ्या मुलांनी ठेवलेले होते. आणि जी मुलं येऊ शकतात पण येत नाहीत, त्यांना नोटिशीने आणता येत नाही. ‘सर्वांनी उपस्थित राहावे’ वाचून कुणी येत नाही. ‘तीन नंबरच्या खड्ड्याची टाकी तू बसवायची आहेस’ असं सांगितलं की तो येतो. काम वाटायचं ते नाव घेऊन, आणि वाटायचं विद्यार्थ्यांनीच. तुम्ही बाजूला बसून फक्त सुरक्षिततेकडे लक्ष द्या. मुलांचं काही चुकेल, एखादा खड्डा वाकडा होईल. होऊ द्या.

मुलींच्या हाती कुदळ द्या. रांगोळी, पोहे आणि पाहुण्यांचं स्वागत त्यांच्याकडे आणि खोदकाम मुलांकडे, अशी वाटणी अजूनही सर्रास होते. ती तुमच्या युनिटात होऊ देऊ नका. आणि मुलींना दिवसभर वापरता येईल असं स्वच्छतागृह कुठे आहे, हे तुम्ही स्वतः जाऊन आधी पाहून या. ते नसेल तर मुली पाणी पीत नाहीत, आणि भर उन्हात पाणी न पिता राबल्या तर चक्कर येऊन पडतात.

यापुढचं जरा काळजीपूर्वक वाचा. गावात कुठल्या वस्तीवर काम करायचं आणि कुणी करायचं, यात जात येतेच. सफाईचं काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर लादलं गेलं, त्यांचीच मुलं तुमच्या युनिटातही असतात. गटार किंवा शौचालयाचं काम निघालं की नकळत त्यांच्याकडे बघितलं जातं. बघणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही, त्या मुलाच्या मात्र बरोबर येतं. म्हणून कामाच्या चिठ्ठ्या काढा, आणि पहिली चिठ्ठी तुम्ही उचला. साचलेल्या गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये कुणालाही उतरवायचं नाही, कितीही उत्साह असला तरी नाही. हाताने मैला उचलायला लावणं आणि अशा टाक्यांत माणूस उतरवणं याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, आणि त्या टाक्यांतल्या वायूने माणसं मरतात.

दलित वस्तीवर काम असेल तर चहा-पाणी त्याच वस्तीवर, तिथल्याच घरांतून घ्या. खर्च आपण करायचा, पण चूल त्यांची. गाडीतून पाण्याचे जार उतरवून तिथे काम करून परत येणं हा त्या लोकांचा अपमान आहे, मग हेतू काहीही असो. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं आणि २६ जानेवारी १९५० ला अस्पृश्यता नष्ट करणारं सतरावं कलम असलेलं संविधान लागू झालं. २६ जानेवारीला पाण्याचं काम करायला निघालेल्या मुलांना हे माहीत हवं. संविधानाची उद्देशिका सगळीकडे वाचली जाते. तुम्ही ती खड्ड्याजवळ उभं राहून, कुदळ हातात घेण्याआधी, विद्यार्थ्यांपैकी एकाला वाचायला सांगा, आणि सतरावं कलमही वाचून घ्या. भाषण नको.

भाषणावरून आठवलं. गाडगेबाबा दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. आधी काम, मग बोलणं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबा आमटेंनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीतही सकाळी श्रमदान आणि नंतर चर्चा, असाच क्रम राहिला आहे. आपल्याकडे मात्र पाहुणे उशिरा येतात, सत्कार लांबतात, उन्हं वर येतात आणि कुदळीला हात लागतो तेव्हा मुलं कंटाळलेली असतात. पाहुण्यांना बोलवायचंच असेल तर नळ सोडायच्या वेळेला बोलवा. कुणा पुढाऱ्याकडून टी-शर्ट किंवा टोप्या घेऊ नका. एक खड्डा त्या नेत्याचा झाला की पलीकडच्या गटाची घरं दार उघडत नाहीत.

पैशाचं फार टेन्शन घेऊ नका. खर्च मुख्यतः टाकी आणि पाइपचा असतो. ज्याच्या दारात खड्डा, त्याने टाकी द्यावी. सार्वजनिक जागेचं ग्रामपंचायतीला लेखी मागा. फुकट मिळालेल्या वस्तूपेक्षा पदरचे चार पैसे घातलेली वस्तू माणूस जपतो. गरीब घर असेल तर टाकीऐवजी भोकं पाडलेला माठ चालतो, त्यात नारळाच्या शेंड्या भरायच्या. टिकायला तो कमी, पण काम करतो.

सकाळच्या ध्वजारोहणानंतर रस्त्यावर पडलेले छोटे झेंडे गोळा करायला एक गट जरूर ठेवा. प्लास्टिकचा झेंडा वापरायचाच नाही आणि कागदी झेंडा जमिनीवर टाकायचा नाही, असं ध्वजसंहिता सांगते. गोळा केलेले झेंडे मान राखून, खाजगीत नष्ट करायचे असतात. शाळेतली लहान पोरं हे काम फार मनापासून करतात, त्यांना सोबत घ्या.

तुमच्या प्रश्नात नव्हती, पण मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट आता सांगतो. महाराष्ट्रात ग्रामसभा प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरते. म्हणजे तुमची मुलं गावात असतात त्याच दिवशी गाव कायदेशीररीत्या एकत्र बसलेलं असतं, किंवा बसायला हवं असतं. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. पुष्कळ गावांत तेवढीही जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने मोजकी माणसं निर्णय करून मोकळी होतात. सकाळी मुलांनी घरोघरी जाऊन ‘दुपारी सभेला या, आमची पाहणी मांडणार आहोत’ एवढं सांगितलं तरी माणसं येतात. बायका येतात. पाहणीचे आकडे एका मोठ्या कागदावर लिहा: किती घरांचं सांडपाणी रस्त्यावर येतं, किती सार्वजनिक नळांना तोटी नाही, कोणत्या वस्तीवर. मांडणी एका मुलीने आणि एका मुलाने करावी, पाच मिनिटांत. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना तिथे बोलायला अध्यक्षांची परवानगी लागते, ती आधीच मागून ठेवा. तुमच्या युनिटात त्याच गावची अठरा वर्षं पूर्ण झालेली, मतदार यादीत नाव असलेली मुलं असतील तर ती ग्रामसभेची सभासदच आहेत. ठराव त्यांनी मांडावा. अमुक ठिकाणच्या खड्ड्यांचा गाळ दर तीन महिन्यांनी कोण काढेल, एवढा एकच ठराव. तो इतिवृत्तात लिहून घ्या.

यादीत नाव नसलेली मुलं पाहणीच्या काळातच शोधा. मतदार नोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना ६, भरायला आता १ जानेवारीची वाट बघावी लागत नाही. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चारही महिन्यांची पहिली तारीख अठरा वर्षं मोजायला धरतात, आणि सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज देता येतो. २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिनच आहे.

इतर सुट्ट्यांना काय करावं, हे ऋतूवर ठरवा. १५ ऑगस्टला झाडं लावतात, पण कमी पावसाच्या भागात तोवर पावसाळ्याचा चांगला काळ निघून गेलेला असतो. तिथे जुलैत लावलेल्या रोपांची आळी करणं आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणं जास्त उपयोगी. २ ऑक्टोबरला वनराई बंधाऱ्याचा, म्हणजे मातीने भरलेल्या गोण्या रचून ओढा अडवण्याचा, मोह होतो, पण परतीचा पाऊस गेल्याशिवाय ओढ्यात गोण्या रचू नका, एका रात्रीत वाहून जातात. त्या दिवशी जागा हेरा आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा करा. १ मेचं श्रमदान सकाळी नऊच्या आत संपलं पाहिजे. दहावी-बारावीच्या मुलांना २६ जानेवारीला बोलावू नका, त्यांच्या परीक्षा तोंडावर असतात.

अहवालाला खड्ड्यांचे फोटो जोडाल, ते जोडा. सोबत प्रत्येक खड्ड्याची जागा, खोली, कितव्या फुटाला मुरूम लागला, टाकी कुणी दिली आणि सांभाळायला कोण आहे, हे एका पानावर लिहून त्याची एक प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे आणि एक अंगणवाडीत ठेवा. १ मेच्या ग्रामसभेला चार-पाच मुलांना घेऊन जा, झाकणं उघडून गाळ बघा. मग जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की पुन्हा एकदा जा, कारण खड्ड्यात पावसाचं पाणी शिरतं की नाही हे तेव्हाच कळतं. शिरत असेल तर कडेने मातीचा उंचवटा करावा लागेल. ग्रामपंचायतीला द्यायचं पत्र नोव्हेंबर संपायच्या आत पोहोचवा, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मुलांना वह्या घेऊन निघता येईल.